ठेकेदार पळाला म्हणे

त्या दिवशी सेकंड शिफ्टला सव्वासातचा चहा आला आणि चहाबरोबर बातमी आली. 'ठेकेदार पळाला म्हणे.' कुणी आणली ते शेवटपर्यंत कळलं नाही. गेटबाहेरच्या टपरीवरून आत आली, कोअर शॉपमधून फेटलिंगला गेली, तिथनं मोल्डिंगला. साडेआठला फर्नेसमध्ये हीट तयार, लोखंड चौदाशे अंशांवर आणि ओतायला माणूस नाही. तीस-पस्तीस पोरं सँडच्या ढिगापाशी बसून होती. काही कागल, हुपरीकडची, काही निपाणीची, निम्मीअधिक ओडिशा आणि बिहारची. महिन्याची अठरा तारीख होती आणि पगार झालेला नव्हता.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मी एकवीस वर्षं फौंड्रीत काढली. त्यातली अकरा शिफ्ट सुपरवायझर म्हणून. त्या रात्री वरून फोन आला, "आधी त्यांच्या गप्पा बंद करा, मग कामाचं बघू." अनेक कारखान्यांत आजही हाच विचार चालतो. टपरी लांब हलवा, शिफ्ट बदलताना माणसं घोळक्यानं उभी राहू देऊ नका, ओडिशाची पोरं एका लाइनला देऊ नका. मला हे साफ चुकीचं वाटतं. गप्पा बंद करून गडी हातात येत नाहीत, उलट दुसऱ्याच्या हातात जातात.

माझी पुतणी इतिहास शिकते. तिनं मला हेन्री एव्हरीची हकिकत सांगितली, तेव्हा मला माझीच फौंड्री डोळ्यांपुढं दिसायला लागली. १६९४ सालची गोष्ट. लंडनच्या व्यापाऱ्यांची चार जहाजं स्पेनच्या कोरुन्ना बंदरात महिनोन्‌महिने नुसती उभी. खलाशांना दर सहा महिन्यांनी पगार द्यायचा, असा करार होता. एक पैसा मिळाला नाही. तिकडं लंडनमध्ये त्यांच्या बायका मालकाकडं, सर जेम्स हूब्लॉनकडं, दाद मागायला गेल्या. त्यानं हात झटकले. जहाजं आता स्पेनच्या राजाकडं आहेत, त्याचं तो बघेल. हे बोलणं बंदरात पोचलं तेव्हा त्याचं झालं होतं, 'आपल्याला राजाला गुलाम म्हणून विकलंय.'

एव्हरी त्यातल्या 'चार्ल्स दुसरा' या जहाजावर अधिकारी होता. त्यानं तलवार उपसण्याआधी बोलणं केलं. या जहाजावरून त्या जहाजावर गेला, माणसांत बसला, माझ्याबरोबर चला, पैसा मिळेल तिथं नेतो म्हणाला. ७ मेच्या रात्री जहाज त्याच्या ताब्यात आलं. कप्तान आजारी पडून होता. ज्यांना यायचं नव्हतं त्यांना होडीत बसवून किनाऱ्याला सोडलं. बाकीच्यांनी एव्हरीलाच कप्तान निवडलं. लुटीत प्रत्येकाला एक वाटा आणि कप्तानाला दोन, एवढाच फरक. पगारासाठी महिनोन्‌महिने ताटकळलेल्या माणसाला तो हिशेब किती चोख वाटला असेल, ते मी समजू शकतो.

पण पुढं काय झालं तेही सांगितलं पाहिजे, कारण एव्हरीच्या गोष्टी रंगवून सांगणारे ते गाळतात. सप्टेंबर १६९५ मध्ये या टोळीनं सुरतेकडं परतणारं औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' जहाज धरलं. त्यावर मक्केहून येणारे यात्रेकरू होते. कित्येक दिवस लूट चालली, बायकांवर अत्याचार झाले, काहींनी जीव दिला. त्या काळचा इतिहासकार खाफी खान यानं हे लिहून ठेवलं आहे. औरंगजेबानं सुरतेच्या इंग्रजांना कोंडून घातलं. एव्हरी कधीच सापडला नाही. त्याचे काही साथीदार पुढच्या वर्षी लंडनमध्ये फासावर गेले. त्या बायकांच्या हालांना जबाबदार ती टोळीच. तरी मला वाटतं, पगाराच्या वेळी मालक खरं बोलला असता तर एव्हरीचं बोलणं ऐकायला त्या बंदरात फारसं कुणी थांबलं नसतं.

याच्या उलटी गोष्ट आपल्याकडची आहे, आणि ती आम्हा कोल्हापूरकरांना जरा लागणारी. इंग्रज कंपनी कान्होजी आंग्र्यांना चाचा म्हणायची. ते चाचे नव्हते, स्वराज्याच्या आरमाराचे सरखेल होते. आपल्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजानं दस्तक घ्यावं एवढं त्यांचं म्हणणं, आणि ते मान्य नसलेल्यांनी ठेवलेलं ते नाव. त्यांच्या गलबतांवर कोळी, भंडारी, गाबीत अशी किनाऱ्यावरची माणसं. हे कान्होजी ताराराणींच्या बाजूला होते, म्हणजे आमच्या. साताऱ्याच्या शाहू महाराजांनी त्यांच्यावर पेशवे बहिरोपंत पिंगळ्यांना पाठवलं, तर कान्होजींनी पेशव्यालाच कैद केलं आणि लोहगड घेतला. साताऱ्याला धोका उभा राहिला. तेव्हा १७१३ मध्ये पेशवाईची वस्त्रं मिळाली बाळाजी विश्वनाथांना, आणि कान्होजींना आवरायचं काम त्यांच्यावर आलं.

बाळाजी श्रीवर्धनचे. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचानं कोकण सोडून घाटावर आलेले. कान्होजींचं आयुष्य त्याच सिद्दीशी झगडण्यात चाललेलं. एकाच किनाऱ्याची दोन माणसं, वैरीही एकच. बाळाजींबरोबर सैन्य होतं, पण काम झालं ते लोणावळ्याजवळच्या भेटीत. पिंगळे सुटले, कान्होजींची सरखेली आणि किल्ले त्यांच्याकडं राहिले, आणि मराठ्यांचं आरमार ताराराणींच्या पन्हाळ्याकडून साताऱ्याकडं गेलं. त्या बैठकीत कोण काय बोललं ते ऐकायला मी नव्हतो. पण दोन कोकणी माणसं इतक्या वर्षांनी भेटली आणि आधी गावाकडच्या, सिद्दीच्या गोष्टी निघाल्या नाहीत, यावर माझा विश्वास बसत नाही. एव्हरीनं दुसऱ्याची संपत्ती दाखवून माणसं फोडली. बाळाजींनी जे कान्होजींचंच होतं ते मान्य करून त्यांना जोडलं.

त्या रात्री मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी फोन ठेवला आणि पोरांच्यात जाऊन सँडवर बसलो. एक जण म्हणाला, "सायेब, खरं सांगा, गेला न्हवं त्यो?" मी म्हटलं, "गेला का न्हाई ते मला म्हाईत न्हाई. पण गेला तरी तुमचा पगार बुडत न्हाई." मग सांगितलं. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा तेव्हा लागू होता. ठेकेदारानं पगार दिला नाही तर मूळ कंपनीनं द्यायचा, असं त्यात स्पष्ट होतं. बसलेल्यांपैकी एकालाही हे ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. ओडिशाच्या पोरांना हिंदीतून परत सांगितलं. मग सगळ्यांसमोर फोनचा स्पीकर लावून अकाउंट्सच्या माणसाकडून तारीख घेतली. ठेकेदाराचं बिल अडकलं होतं, तो स्वतः गावी लग्नाला गेला होता. सव्वानऊला पहिली लॅडल उचलली गेली. पगार बावीसला झाला.

त्यानंतर मी रोज शिफ्ट बदलायच्या आधी दहा मिनिटं त्यांच्यात बसायला लागलो. कामाचं बोलायचं नाही, असं ठरवूनच. सुरुवातीला कुणी बोलेना. मग म्हशीच्या भांडणापासून वडापवाल्यानं कसं फसवलं इथपर्यंत सगळं निघालं. गंजम जिल्ह्यातला एक पोरगा दोन वर्षं तोंड न उघडता कोअर बसवायचा. कार्तिक पौर्णिमेच्या आधी तो बोलला. त्यांच्याकडं त्या दिवशी पहाटे केळीच्या सोपटाच्या, कागदाच्या छोट्या नावा करून त्यात दिवा ठेवून पाण्यात सोडतात. पूर्वी त्यांचे व्यापारी जावा-बालीकडं जहाजं घेऊन जायचे, त्यांची ती आठवण. आमची पोरं ऐकतच राहिली, कारण त्याच पौर्णिमेला कोल्हापुरात पंचगंगेचा घाट हजारो पणत्यांनी उजळतो. त्या वर्षी हुपरीच्या पोरांनी ओडिशाच्या पोरांना मोटरसायकलींवर बसवून घाटावर नेलं. त्यांनी नावा सोडल्या, यांनी पणत्या लावल्या. एकाच लाइनला वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांनी एकमेकांची नावं नीट उच्चारायला त्या आठवड्यापासून सुरुवात केली.

'ठेकेदार पळाला'सारखी बातमी त्यानंतरही दोन-तीनदा आली. पण आता ती आधी माझ्याकडं यायची. "सायेब, असं असं म्हणत्यात, खरं हाय का?" हे विचारायला माणूस येतो तेव्हा फर्नेस थांबत नाही. टपरीवरची बातमी पुष्कळदा खोटी असते, तिच्यामागची भीती मात्र खरी असते, आणि ती भीती सुपरवायझरला कॅमेऱ्यात दिसत नाही.

पंचतारांकितमधल्या मालकांना, एचआरच्या साहेबांना माझी हात जोडून विनंती आहे. पगार लांबणार असेल तर ते तुम्ही स्वतः, फ्लोअरवर उभं राहून, तारखेसकट सांगा. त्या दिवशी चहा यायच्या आधी सांगा. मराठीत सांगा, हिंदीत सांगा, ओडिया येणारा कुणी असेल तर त्याला शेजारी उभं करा. ठेकेदाराकडून पगार न आल्यास तो कुणाकडं मागायचा, हे नोटीस बोर्डावर कामगारांच्या भाषेत लावा. आणि शिफ्ट बदलताना दहा मिनिटं पोरांत बसा. टपरीवर दोन बाकडी आहेत, त्यातलं एक बहुधा रिकामंच असतं.