पाडव्याचा चंद्र, ईदचा चंद्र

येत्या १९ मार्चला गुढीपाडवा आहे आणि त्यापाठोपाठ दोन दिवसांच्या आत ईद. गेल्या वर्षी पाडवा ३० मार्चला होता, ईद ३१ मार्चला. त्याआधी २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला आणि ईद ११ एप्रिलला. हे सलग तिसरे वर्ष. लोक याला योगायोग म्हणतात, पण यात योगायोगाचा भाग थोडा आणि गणिताचा जास्त आहे. अमावस्या सरली की चैत्राची प्रतिपदा लागते. तीच अमावस्या सरून पश्चिमेला चंद्राची पहिली कोर दिसली की शव्वालचा महिना सुरू होतो आणि ईद होते. गुढी उभारणारे आणि चांदरातीला गच्चीवर चढणारे या तिन्ही वर्षी एकाच चंद्राचा हिशेब करीत आले आहेत.

हा हिशेब आपल्यापुरता नाही. यंदा १७ फेब्रुवारीला चिनी नववर्ष सुरू झाले. लगेच १८-१९ फेब्रुवारीला जगभर रमजानचे रोजे सुरू झाले. वसईपासून रोमपर्यंतच्या कॅथलिक ख्रिस्ती समाजाचा राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, तोही १८ फेब्रुवारीलाच आला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे चैत्री पौर्णिमेला हनुमान जयंती असेल, त्याच पौर्णिमेला ज्यू घरांत पेसाखचा सण सुरू होईल आणि त्यानंतरच्या रविवारी ईस्टर. ईस्टरची तारीख इंग्रजी कॅलेंडरवर छापलेली असली, तरी ती ठरते वसंतातल्या पौर्णिमेवरून.

फरक आहे तो पुढच्या पायरीवर. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे, सौरवर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षी पडणारी ही अकरा दिवसांची तूट कशी भरायची? हिंदू पंचांगात ३२-३३ महिन्यांनी अधिक मास येतो. ज्यू पंचांग १९ वर्षांत ७ वेळा जादा महिना धरते. म्हणून दिवाळी पावसाळ्यात जात नाही आणि पेसाख वसंत सोडत नाही. इस्लामपूर्व अरबस्तानातही महिने पुढेमागे सरकवण्याची पद्धत होती, तिला ‘नसी’ म्हणत. कुरआनातल्या सूरह तौबामध्ये ती बंद करण्यात आली. तेव्हापासून हिजरी वर्ष बारा महिन्यांचेच राहिले, तूट भरली गेली नाही आणि रमजान ऋतूंमधून फिरू लागला. ‘रमजान’ या शब्दाच्या मुळाशी तापलेल्या जमिनीची धग आहे. तरीही २०३० साली हा महिना ऐन थंडीत दोनदा लागेल, एकदा जानेवारीत आणि एकदा डिसेंबरच्या अखेरीस.

या फिरण्यातला न्याय सहसा कुणी बोलून दाखवत नाही. रमजान कायमचा जूनमध्ये असता, तर उत्तर युरोपातल्या माणसाला जन्मभर अठरा-अठरा तासांचा रोजा पडला असता आणि दक्षिण आफ्रिकेतल्याला जन्मभर हिवाळ्यातला छोटा. साधारण ३३ वर्षांच्या फेऱ्यात दोघांच्या वाट्याला दोन्ही येते. मालेगावच्या यंत्रमागावर २०१८ आणि २०१९ च्या मे महिन्यात रोजा धरून उभ्या राहिलेल्या कामगारालाही पुढच्या काही वर्षांत थंडीतली सहरी मिळेल.

आता महाराष्ट्राकडे पाहू. २०२२ मध्ये १० जुलैला आणि २०२३ मध्ये २९ जूनला आषाढी एकादशी व बकरी ईद एकाच दिवशी आल्या. २०२३ च्या श्रावणात अधिक मास पडला, हिजरी महिना एक घर पुढे सरकला आणि २०२४ व २०२५ मध्ये त्याच आषाढीला मोहर्रमची दहावी तारीख आली. त्याच काळात अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलादही एकमेकांना येऊन भिडल्या. २०२३ मध्ये तर दोन्हींचा दिवस २८ सप्टेंबर हाच होता. मुंबईत मिलादचा जुलूस दुसऱ्या दिवशी काढण्याचा निर्णय मुस्लिम संघटनांनी घेतला, सरकारनेही २९ तारखेची सुटी जाहीर केली. पुढच्या दोन्ही वर्षी मुंबईतला जुलूस असाच पुढे गेला. आषाढीच्या दिवशी अनेक गावांनी कुर्बानी केली नाही. शरीयतमध्ये कुर्बानीला तीन दिवसांची मुभा आहे, तिचा त्यांनी उपयोग करून घेतला. याची बातमी आतल्या पानावर दोन ओळींत आली आणि विसरली गेली.

विसरली जात नाही ती कुजबुज. ‘यांचे मुद्दाम आपल्याच दिवशी असते,’ हे वाक्य अशा वर्षी दोन्ही बाजूंच्या मोबाइलवर फिरते. कोण मुद्दाम करणार? अमावस्या कुणाच्या कमिटीच्या ठरावाने होत नाही. दोन्ही पंचांगे एकाच चंद्रावर चालतात, म्हणून एकदा गाठ पडली की पुढचा अधिक मास येईपर्यंत ती दोन-तीन वर्षे पडत राहते आणि मग सुटते. २००४ ते २००६ या वर्षांत दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात होत्या. २००७ ते २००९ मध्ये गणपती आणि रमजान जवळजवळ बरोबरच आले. दिवाळी-ईदची पुढची जोडी २०३७ च्या सुमारास दिसेल. इतक्या आधी सांगता येणाऱ्या गोष्टीसाठी शांतता समितीची बैठक सणाच्या चार दिवस आधी, पोलीस ठाण्यात, घाईघाईने का व्हावी? दहा वर्षांच्या तारखा मांडून मिरवणुकीचे मार्ग आणि वेळा आधीच ठरवायला कुणाची हरकत असेल?

एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. मागे सरणे हे प्रत्येक वेळी एकाच बाजूचे काम नव्हे. सांगली जिल्ह्यात गोटखिंडीला मशिदीत गणपती बसतो, कडेगावच्या मोहर्रममध्ये उंच ताबुतांना हिंदूंचे खांदे लागतात. तिथे कोण किती मागे सरले याची वही कुणी ठेवत नाही. शहरांनी मात्र काही काळ ती वही ठेवलेली चांगली. म्हणजे २०२३ मध्ये कुणी दिवस सोडला हे पुढच्या गाठीच्या वेळी आठवेल आणि वेळ किंवा रस्ता सोडण्याची पाळी कुणाची, हेही.

यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे पाडवा-ईदची ही गाठही आता सुटते. २०२७ मध्ये ईद १० मार्चच्या सुमारास होईल आणि पाडवा थेट ७ एप्रिलला. बाजारात साखरेच्या गाठी आणि शिरखुर्म्याच्या शेवया, खारका शेजारीशेजारी मांडलेल्या या फेऱ्यात यंदाच शेवटच्या दिसतील. त्यानंतरची पाळी येईपर्यंत तीसेक वर्षे जातील.