फवारणी पंपाचं पाणी विहिरीकाठी सांडू देणार नाही!

खामगाव तालुक्यातील कास्तकार बंधू-भगिनींनो,

कपाशीसाठी १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वे आली. त्याच कपाशीवर आज जे फवारलं जातं, त्याचा हिशेब कोण ठेवतं? २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, सामू, जस्त, बोरॉन धरून १२ गोष्टी तपासल्या जातात. कीटकनाशकाचा अंश त्यात नाही! मग माती निरोगी आहे, हे कोणत्या भरवशावर सांगायचं?

सगळ्यात जास्त विष साचतं ते पंप भरायच्या आणि धुवायच्या जागी. बहुतेकांची ती जागा विहिरीजवळच असते. शेतात पसरलेलं मोनोक्रोटोफॉस मातीतले जिवाणू तोडतात, त्यातल्या स्फुरदावर पोसतातही. पण एकाच जागी दरसाल तीव्र औषध सांडलं, तर त्यांचाच जीव जातो. शिवाय औषध तुटलं म्हणजे विष संपलं असं नाही. एंडोसल्फानपासून मातीत एंडोसल्फान सल्फेट तयार होतं. तेही विषारी, आणि जास्त टिकाऊ. सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये एंडोसल्फान थांबवलं, पण पंप धुण्याची जागा तीच राहिली. म्हणून ‘जिवाणूंची बाटली ओता, माती शुद्ध’ म्हणणाऱ्याला विचारा: कोणतं औषध तुटतं, त्याचं काय बनतं, तपासलं कोणी?

उपाय आहे, आणि तो महाग नाही. स्वीडनमध्ये १९९३ पासून शेतकरी पंप धुण्यासाठी खास खड्डा करतात. तळाला चिकणमाती, त्यावर अर्धं काड, पाव पीट, पाव माती, वर गवत. काड कुजवणाऱ्या बुरशीची विकरं कीटकनाशकंही तोडतात. आपल्याकडे पीट नाही, पण कुजलेलं शेणखत आहे. काडाच्या जागी बारीक केलेली पऱ्हाटी घालून पाहता येईल. आणि आपण ती पऱ्हाटी बांधावर पेटवून देतो!

कीटकनाशक नियम १९७१ मधला नियम ४४ स्पष्ट आहे: रिकामे डबे आणि धुण्याचं पाणी यांनी परिसर व पाणी दूषित होऊ नये, ही जबाबदारी औषध बनवणाऱ्यांवरही आहे. ती सगळी कास्तकाराच्या डोक्यावर टाकणं आम्हाला मान्य नाही.

आमची मागणी: कृषी विभागाने गावोगावी विहीर-नाल्यापासून दूर, पावसाचं पाणी शिरणार नाही असा खड्डा बांधून द्यावा. पऱ्हाटी-शेणखताचं मिश्रण अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तपासून द्यावं. कंपन्यांनी रिकामे डबे परत न्यावेत. पत्रिकेत कीटकनाशकाचा रकाना यावा, आणि पहिले नमुने पंप धुण्याच्या जागांचे घ्यावेत.

खरिपाची फवारणी सुरू होण्याआधी, येत्या ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव मांडा.