हिरव्या कापडाचं गावकूस

दोस्तहो, पाहुणे आले, जेवले, फोटो काढून गेले. पण आपल्या तोंडापुढं टांगलेलं कापड विसरू नका.

९ आणि १० सप्टेंबर २०२३ ला दिल्लीत जी-२० ची शिखर परिषद भरली. घोषणा होती : एक पृथ्वी, एक कुटुंब, एक भविष्य. आणि त्याच कुटुंबातल्या माणसांच्या झोपड्यांपुढं हिरवं कापड! डिसेंबर २०२२ ला मुंबईत याच जी-२० ची बैठक झाली, तेव्हाही झोपड्यांपुढं पडदे. पूर्वी गावकूस दगडमातीचं होतं. आता कापडाचं झालंय. गुंडाळायचं आणि पाहुणे जातील तिथं न्यायचं.

जुलै २०२३ मध्ये सरकारनं संसदेत सांगितलं : १ एप्रिलपासून दिल्लीत अतिक्रमण हटवायच्या ४९ मोहिमा झाल्या, सुमारे २३० एकर जमीन मोकळी केली, पण परिषदेच्या शोभेसाठी एकही घर पाडलं नाही. असंल बुवा! मग ज्याचं घर गेलं त्यानं कोणत्या रकान्यात बसून रडायचं?

मी किनवटचा. आमच्याकडची माणसं पोटामागं शहरात जातात, विटा-वाळू वाहतात, इमारती उभ्या करतात. कापडामागच्या वस्त्या अशाच माणसांच्या. आपला मराठवाडाही यातून सुटला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, जी-२० ची महिलांची बैठक झाली. भिंती रंगल्या. याच शहरातल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा १९७८ चा ठराव १९९४ पर्यंत लटकवला होता. मधल्या काळात आपल्या नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंचा खून पडला. ते रक्त कोणत्या रंगानं झाकणार?

काही शहाणे म्हणतात, पाहुण्यापुढं घरची लाज झाकावीच लागते. अहो, लाज झाका. घरातला माणूस कशाला झाकता? आणि लाज नुसत्या गरिबीची नाही, जातीची आहे. १९४६ ला भारतानं दक्षिण आफ्रिकेतल्या भेदभावाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. बरोबरच केलं. पण २००१ ला डर्बनच्या वंशभेदविरोधी परिषदेत जातीचा विषय निघाला, तर आपलं सरकार आडवं आलं. दुसऱ्याच्या घरचा भेद जगाचा प्रश्न, आणि आपल्या घरचा मात्र घरगुती मामला!

दिल्लीत आफ्रिकी संघाला जी-२० मध्ये कायमची खुर्ची मिळाली. आनंद आहे. म्हणजे खुर्ची वाढवता येते! १९३० ला बाबासाहेब लंडनच्या गोलमेज परिषदेत गेले ते दया मागायला नाही, अस्पृश्यांचा हक्क सांगायला.

तेव्हा कापड फाडून भागणार नाही, उद्या नवं लावतील. पुढची परिषद कोणत्याही शहरात भरो, त्याआधी वस्तीवस्तीत जा. कोणाचं घर, नोटीस कधी आली, बुलडोझर कधी आला, सगळं लिहून काढा. तारखेसह, सहीसह, अंगठ्यासह. निवेदन सरकारला द्या आणि त्याची प्रत पाहुण्यांनाही द्या, त्यांच्या भाषेत. आपली हकिकत आपणच सांगायची.

जय भीम.