मोडीचा भाव आणि जाणत्याचे कर्तव्य

जुन्या वस्तूंच्या संग्राहकांची बैठक जमली की ज्या हकिगती सर्वांत रंगून सांगितल्या जातात त्या बहुधा भावाच्या असतात. अमुक वाड्यातील लामणदिवा पितळेच्या दराने कसा मिळाला, तमुक घरच्या माळ्यावरील मोडी कागदांचा रुमाल रद्दीच्या पैशांत कसा हाती आला, हे सांगताना सांगणाऱ्याच्या मुद्रेवर जे समाधान विलसते आणि ऐकणाऱ्यांच्या मनात जी असूया दाटते, त्या दोहोंमध्ये ती वस्तू विकणाऱ्या माणसाचा विचार क्वचितच डोकावतो. या अंकात त्या माणसाची बाजू आमच्या संग्राहक वाचकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांकडे पाहिले असता प्रश्नाचे स्वरूप ध्यानी येते. बारामती ही बाबूजी नाइकांच्या सावकारीची आणि त्यांच्या आश्रयाने काव्यसाधना करणाऱ्या मोरोपंतांची. इंदापूर हे मालोजीराजे भोसले यांच्या रणमृत्यूने इतिहासात नोंदले गेलेले. या मुलखात वतने होती, इनामे होती, आणि म्हणून सनदा, महजर, हिशेबाची दफ्तरे आणि तांब्यापितळेने भरलेली घरेही होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नीरेचा डावा कालवा आला, त्यामागून ऊस आणि साखर कारखाने आले, १९५० च्या कायद्याने कुलकर्णी आणि परगणे वतने संपुष्टात आली. परिणामी ज्या कागदांवर पूर्वी घरादाराचा मान अवलंबून असे ते निरुपयोगी ठरले, आणि हाती पैसा खेळू लागलेल्या पिढीने जुने वाडे उतरवून सिमेंटची घरे बांधली. वाडा उतरला की बंब, घंगाळे, समया, अडकित्ते, पानाचे डबे हे सारे मोडीच्या तराजूत जाऊन बसते. तेथून त्याचा प्रवास एक तर भट्टीकडे होतो, नाही तर पुण्याच्या जुन्या बाजाराकडे.

आता एक वस्तू जवळून पाहू. सहाव्या जॉर्जच्या कारकिर्दीच्या आरंभीचा चांदीचा रुपया घ्या: एका बाजूस मुकुटधारी मुख, दुसऱ्या बाजूस फुलापानांच्या वेलीत इंग्रजी अक्षरे आणि खाली साल, वजन ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी सुमारे ९१.६७ टक्के. सालाच्या जागी १९३८ असेल तर मोल चांदीच्या भावाच्या आसपास राहते. १९३९ असेल तर ते चांदीच्या कित्येक पट होते, कारण त्या सालचे रुपये फारच थोडे उरले आहेत. म्हणूनच १९३८ च्या आठाचा नऊ करून फसवणारेही बाजारात आहेत. नातवंडाच्या शिक्षणासाठी आजेसासूच्या गाठोड्यातील रुपये घेऊन एखादी वृद्ध स्त्री पेढीवर येते, सराफ ते वजनावर घालतो, आणि शेजारी बसलेल्या संग्राहकाला त्या राशीत तो एक अंक दिसतो. तिला तो अंक वाचता येतो, परंतु त्याचा अर्थ ठाऊक नसतो. अशा वेळी संग्राहकाने गप्प राहून दोन रुपये अधिक देऊन ते नाणे उचलावे काय?

कायदा विचाराल तर तो त्यास बहुधा अडविणार नाही. १८७२ च्या करार अधिनियमाने एक हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांस विकण्याचा करार, संमती मोकळेपणाने दिलेली असेल तर, वैध मानला आहे. आणि बोलण्याचे कर्तव्य ज्या परिस्थितीत उत्पन्न होत नाही तेथे केवळ मौनास कपट ठरविलेले नाही. परंतु कायदा ज्या मर्यादेवर थांबतो ती सदाचाराचीही मर्यादा होय, असे आपल्या परंपरेने कधीच मानले नाही. मनुस्मृतीत खरेदी वा विक्री केल्यानंतर पश्चात्ताप झालेल्यास दहा दिवसांच्या आत व्यवहार परतविण्याची मुभा आहे. सौदा पटला म्हणजे कज्जा संपला, एवढ्यावर समाधान न मानणारी ती दृष्टी होती.

याविरुद्ध संग्राहकांचे जे म्हणणे आहे ते हलके नाही. वर्षानुवर्षे ग्रंथ चाळून, गावोगाव पायपीट करून, अनेकदा रिकाम्या हाती परतून जे ज्ञान मिळविले त्याचा मोबदला कोणी द्यायचा? आणि आम्ही नसतो तर ती वस्तू वितळलीच असती की नाही? या म्हणण्यात तथ्य आहे. दिनकर केळकर यांनी बेताच्या साधनांनिशी जुन्या बाजारांतून आणि पडत्या वाड्यांतून वस्तू जमविल्या नसत्या, तर आज त्यांच्या दिवंगत पुत्राच्या नावे उभे असलेले सुमारे वीस हजार वस्तूंचे संग्रहालय महाराष्ट्रास लाभले नसते. पुढे त्यांनी तो संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. जी वस्तू समाजाकडे परतणार आहे ती स्वस्तात घेणे आणि जी आठवड्याभरात दहापट दराने विकायची आहे ती स्वस्तात घेणे, यांत भेद आहे आणि तो मानलाच पाहिजे. ज्ञानाचा मोबदलाही न्याय्यच. परंतु तो वाटा असावा, सर्वस्व नव्हे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाने जमिनीत सापडलेल्या बेवारस धनाचे तीन चतुर्थांश शोधणाऱ्यास आणि एक चतुर्थांश जमीनमालकास दिले आहे. ज्यास त्या धनाची गंधवार्ताही नव्हती त्या मालकाचाही हिस्सा परकीय सरकारने राखला. मग ज्याच्या देव्हाऱ्यातून वस्तू उचलली त्याचा हिस्सा आपण किती राखावा?

स्थळाचा भेदही विसरता कामा नये. जुन्या बाजारात पथारी टाकून बसलेला व्यापारी हा त्याच धंद्यातला. तेथे घासाघीस चालावी, तेथे नजर ज्याची तीक्ष्ण त्याचा लाभ व्हावा, यात गैर काही नाही. परंतु इंदापूर तालुक्यातील एखाद्या घरी आपण ओटीवर बसलो, चहा घेतला, आणि घरधनी विश्वासाने म्हणाला, “तुम्ही जाणकार, तुम्हीच सांगा काय द्यायचं ते,” की त्या क्षणी आपले ग्राहकपण संपून पंचपण सुरू होते. पंचाने स्वतःच्या पदरात माप टाकणे यास व्यवहारचातुर्य म्हणत नाहीत.

आमचा मुख्य मुद्दा याच्याही पलीकडचा आहे. अन्याय्य सौद्याने विकणाऱ्याचे पैसे तर बुडतातच. त्याबरोबर वस्तूचा इतिहासही बुडतो. ज्याने कमी दिले आहे तो कोठून घेतले हे सांगत नाही. पावती करीत नाही, गावाचे नाव लपवितो, घराण्याचे नाव विसरतो, कारण उद्या खरा भाव कळल्यावर दारी कोणी येऊन उभे राहील याची त्यास धास्ती असते. खंडोबा-म्हाळसेचा चांदीचा टाक कोणत्या कुळाच्या देव्हाऱ्यात पूजेस होता हे पुसले गेले की उरतो तो ठोकलेला पत्रा. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून मिळविलेले कागद बावीस खंडांत छापले. ते आज साधन म्हणून टिकले आहेत ते कोणता कागद कोणत्या दफ्तरातला हे सांगता येते म्हणून. आणि कागद केवळ अभ्यासकाचेच नसतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधार्थ घरोघरी मोडी कागदांची जी विचारपूस सुरू झाली, तिने दाखवून दिले की काल रद्दी म्हणून दिलेला रुमाल आज त्या कुटुंबाचा दाखला ठरू शकतो.

म्हणून आमची आपणांस सूचना अशी. घरगुती विक्रेत्याने भाव विचारल्यास बाजारभाव खरा सांगावा आणि आपल्या श्रमाचा वाटा उघडपणे मागून घ्यावा. सौद्याच्या पावतीवर वस्तूचे वर्णन, गाव आणि घराणे लिहावे. विकणाऱ्यास दहा दिवसांत फेरविचाराची मुभा द्यावी. मोडी कागद घेण्यापूर्वी त्यांत काय आहे ते वाचून दाखवावे आणि छायाचित्रांची प्रत घरी ठेवावी. देव्हाऱ्यातील टाक घरातील वडीलधाऱ्यांच्या संमतीवाचून उचलू नये. उजनी धरणाचे पाणी ओसरल्यावर पळसदेवासारख्या जुन्या गावठाणांत जे उघडे पडते, त्यातील शिळेस हात लावू नये आणि जमिनीतून धन निघाल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा जे व्यापार करतात त्यांनी पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या अधिनियमान्वये परवाना घ्यावा.

या रीतीने चालणाऱ्याच्या कपाटात कदाचित चार वस्तू कमी येतील. पण ज्या येतील त्यांच्याविषयी तो उजळ माथ्याने लिहू शकेल, आणि ज्या घरातून त्या आल्या त्या घरचे दार त्यास पुन्हा उघडे राहील. पुढील अंकापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक संग्रहवर्णनात वस्तू कोठून आणि कोणत्या रीतीने मिळाली याचा उल्लेख असल्यावाचून ते छापले जाणार नाही, असे आम्ही ठरविले आहे.