पिझ्झा हवाच, पण कळण्याचा

जळगाव-धुळ्यातल्या अनेक घरांत पिझ्झ्यावरून मुले आणि आजी यांच्यात वाद झडतो. खरे तर दोष पिझ्झ्याचा नाही, तो कशाचा करतो याचा आहे. मैद्यातून गव्हाचा कोंडा आणि अंकुर निघून गेलेले असतात. त्यांच्यासोबत तंतुमय पदार्थ आणि बरीच जीवनसत्त्वेही जातात. त्यात चीज आणि सॉसमधल्या मिठाची भर पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्यांनीही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. मुलांना त्याहून कमी पुरते.

खान्देशाकडे यावर घरचाच उपाय आहे: ज्वारी आणि उडदाचे कळण्याचे पीठ. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. ती उणीव उडीद भरून काढतो. मात्र ज्वारीत ग्लुटेन नसल्याने नुसत्या कळण्याचा गोळा ताणला जात नाही. म्हणून निम्मे गव्हाचे पीठ मिसळावे. यीस्ट घालून ते काही तास आंबवले, की फायटिक आम्ल घटते आणि धान्यातले लोह शरीराला अधिक मिळते. कळण्याच्या दळणात मीठ असेल, तर वेगळे घालू नये.

वर सॉसऐवजी भाजलेल्या वांग्याचा गर लावावा. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यावर टोमॅटो, कांद्याची पात आणि घरचे पनीर. ओव्हन नसेल, तर जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर भाजावा.

पीठ बदलले आणि चीजचा थर तसाच राहिला, तर फायदा नावापुरता. मुलांचा हट्ट मोडण्यापेक्षा त्यांनाच पीठ मळायला बसवावे. कळण्याची चव पुढच्या पिढीत टिकेल ती अशीच.