पडलेल्याला लगेच उचलू नका

पिंप्राळ्यातल्या मंडळींना कळकळीची विनंती आहे. निंबाच्या झाडावरून, धाब्यावरून, कोरड्या विहिरीत किंवा मोटारसायकलवरून कोणी पडलं, तर त्याला ताबडतोब उठवून बसवू नका. आपली माणसं धावतात ती चांगल्या मनानेच. एक जण काखेत हात घालतो, दुसरा पाय धरतो, तिसरा "पाणी पाजा" म्हणून ओरडतो, आणि मान लोंबकळत असलेला माणूस रिक्षात दुमडून बसवला जातो. मणका मोडलेला असेल, तर एवढ्या वेळात जन्मभराचं अपंगत्व येऊ शकतं.

असं का होतं ते बघा. पायाचं बोट हलवायचं मनात आलं की मेंदूच्या वरच्या थरातल्या एका पट्ट्यातून हुकूम सुटतो. उजव्या पायाचा हुकूम डाव्या मेंदूतून निघतो, कारण बहुतेक तंतू मेंदूच्या तळाशी बाजू बदलतात. तिथून तो मज्जारज्जूतून खाली येतो आणि रज्जूतल्या पेशी तो स्नायूला पोचवतात. पण नुसत्या हुकमाने भागत नाही. आषाढी एकादशीला आपला रथ ओढायला कितीही हात असोत, चाकाला मोगरी, म्हणजे लाकडी पाचर, लावणाऱ्याशिवाय तो ना नीट वळतो, ना वेळेवर थांबतो. शरीरात हे मोगरीचं काम लहान मेंदू करतो.

मोठ्या माणसाचा मज्जारज्जू जेमतेम 45 सेंटीमीटर लांब आणि करंगळीएवढा जाड असतो. मणक्यांच्या पोकळीत तो सुरक्षित असतो, पण हाड मोडलं की तेच हाड त्याचं वैरी होतं. कित्येकदा हाड मोडूनही रज्जू शाबूत असतो आणि आपल्या ओढाताणीत मोडलेली कड आत घुसते. हाड सांधतं, रज्जूतले तुटलेले तंतू मात्र तसे सांधत नाहीत. इजा पाठीत असेल तर पाय जातात, मानेत असेल तर हातही. मानेच्या अगदी वरच्या भागात असेल तर श्वासच अडतो, कारण श्वासपटलाची नस तिथूनच निघते.

म्हणून आधी 108 ला फोन करा. एकाने डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोकं आहे तसं स्थिर धरावं आणि सांगावं, "भाऊ, मान हलवू नको, आम्ही आहोत." पायाची बोटं हलतात का, स्पर्श कळतो का, एवढं विचारा. पाणी पाजू नका. श्वास चालू असेल तर हेल्मेटही ओढू नका. श्वास बंद असेल, तर मात्र आधी श्वासाचं बघा. उलटी होत असेल तर डोकं, खांदे, कंबर एका रेषेत ठेवून, चार-पाच जणांनी एकदम कुशीवर वळवा. रहदारीतून किंवा पाण्यातून हलवणं भागच असेल, तर सपाट फळी किंवा दार वापरा. चादरीची झोळी करू नका. पोलिसांच्या भीतीने मागे राहू नका. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे.

आता ज्यांच्या घरात मज्जारज्जूला इजा झालेला रुग्ण आहे त्यांच्यासाठी. निर्जीव वाटणारा पाय काही आठवड्यांनी अचानक झटका देतो आणि घरात आनंद होतो. तापल्या तव्यावरून हात मागे येतो, तो मेंदूला कळण्याआधी, रज्जूच्या परस्पर हुकमाने. हा झटकाही तसाच असू शकतो. सांगितल्यावर, ठरवून बोट हललं, तर ती खरी बातमी. ती डॉक्टरांना लगेच कळवा. मालिशवाल्याकडे पाठ "बसवायला" नेऊ नका.

पाय गेले म्हणून आयुष्य संपत नाही. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि 1972 ला जर्मनीत पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवून आले. पण तिथवर पोचायला कातडी शाबूत राहावी लागते. जाणीव गेलेल्या जागी जखम दुखत नाही, म्हणून ती हाडापर्यंत वाढते. रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्या, रात्रीसुद्धा, आणि रोज त्याची माकडहाडाची जागा, कुल्ले आणि टाचा उजेडात नीट बघा. लाली दाबूनही जात नसेल, तर त्या जागेवर भार पडू देऊ नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.