न्हाणीघर नवं, तारा जुन्याच

दिवाळीच्या आधी महिनाभर आमच्या मुलुंडच्या गल्ल्यांतून एक चक्कर मारा. कुठल्या ना कुठल्या इमारतीखाली फुटक्या टाइल्सच्या गोणी रचलेल्या दिसतातच. ‘बाथरूमचं काम काढलंय’ हे वाक्य मी दरवर्षी डझनभर घरांतून ऐकते. छतापर्यंत टाइल्स, डोक्यावर ताटाएवढा शॉवर आणि जुना गीझर भंगारवाल्याला देऊन नवा. कौतुकानं सगळं बघून झालं की मी विचारते, ‘‘तारा बदलल्यात का हो?’’ उत्तर ठरलेलं, ‘‘कशाला? चालू आहेत की!’’

माझं भांडण या ‘चालू आहेत’शी आहे.

पूर्व असो की पश्चिम, मुलुंडमध्ये सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या इमारती अजून पुष्कळ उभ्या आहेत. त्या काळी एका घराला वीज लागायची ती किती? दोन-तीन पंखे, ट्यूबलाइट, इस्त्री, जमलं तर फ्रिज. आंघोळीचं पाणी गॅसवरच्या पातेल्यात तापायचं, काही घरांत तांब्याचा बंब होता. त्या हिशेबानं तारा ओढल्या गेल्या. अनेक ठिकाणी त्या अ‍ॅल्युमिनियमच्या, लाकडी पट्टीवरून नेलेल्या. त्याच तारांवर आज एसी, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह आणि गीझर, सगळे एकदम बसले आहेत.

मी आर्ट्‌सची पदवीधर. विजेचं गणित मला एका वृद्ध वायरमनकाकांनी समजावलं, ते इथे सांगते, कारण ते स्वयंपाकाच्या मापांइतकंच सोपं आहे. साठवणीचा साधा गीझर २ हजार वॅटचा असतो. २३० व्होल्टला तो पावणेनऊ अँपियरच्या आसपास करंट ओढतो. त्याजागी झटपट पाणी देणारा ३ हजार वॅटचा इन्स्टंट गीझर लावला की तोच आकडा १३ वर जातो. म्हणजे करंट दीडपट. पण तारेत जी उष्णता तयार होते ती दीडपट नव्हे, सव्वादोनपट! करंट दुप्पट तर उष्णता चौपट, असा तो नियम आहे. त्यातून अ‍ॅल्युमिनियमची तार स्क्रूखाली दबत जाते, सैल होते, तिच्यावर गंज धरतो आणि नेमका तोच सांधा तापतो. गीझरच्या बटणाभोवतीचा पिवळा-तपकिरी डाग, जळक्या प्लास्टिकचा वास, गीझर लावला की मंद होणारा दिवा, ही सगळी त्या सांध्याचीच बोंब असते. आपण मात्र बटण तेवढं नवं बसवतो.

फ्यूजची गोष्ट तर विचारूच नका. जुन्या घरांत अजून चिनीमातीचे किटकॅट फ्यूज आहेत. नवा गीझर लावल्यावर फ्यूज उडायला लागला की कोणीतरी हुशार माणूस त्यात जाड तार घालून देतो. मग घरमालक अभिमानानं सांगतात, ‘‘आमच्याकडे आता फ्यूज उडतच नाही.’’ अहो, त्याचं कामच उडायचं होतं! तो उडाला नाही तर भिंतीतली तार जळणार. तारेच्या ताकदीपेक्षा मोठा एमसीबी बसवला तरी हेच होतं, फक्त तो दिसायला छान दिसतो.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती चपलांची. होय, चपलांची. आमच्या महिला मंडळात एकदा सहज विषय निघाला, तर एक भाडेकरू बाई अगदी सहज म्हणाल्या, ‘‘आमच्या नळाला हात लावला की मुंग्या येतात. म्हणून मी रबरी चप्पल घालूनच आंघोळ करते. मुलांनाही तशीच सवय लावलीय.’’ लगेच आणखी दोघींनी माना डोलावल्या. या मुंग्या म्हणजे गीझरमधून पाण्यात उतरलेली वीज. घरातल्या पुरुषांना सांगितलं तर ‘तुला भास होतो’ किंवा ‘थोडं होतं तसं’. मालकाला सांगितलं तर ‘तुम्हीच करून घ्या’. दोन्हीकडून वाटाण्याच्या अक्षता! ती बाई मग आपल्या परीनं तोडगा काढते आणि रोज ओल्या फरशीवर उभी राहते.

अशा वेळी शरीरातून न जाता वीज जमिनीत जावी म्हणून अर्थिंग असतं. जुन्या इमारतींत मीटरखोलीतली अर्थिंगची पट्टी कधीच गंजून तुटलेली असते आणि प्लगचं तिसरं भोक नुसतं शोभेचं. त्याहून वाईट म्हणजे काही कारागीर ते भोक न्यूट्रलच्या तारेला जोडून मोकळे होतात. टेस्टर लावला तर सगळं ठीक दिसतं. पण पुढे कधी ती न्यूट्रल तुटली तर गीझरचं सगळं धातूचं अंग जिवंत होतं. म्हणून अर्थिंगबरोबर ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी हवाच. एमसीबी तारेला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. करंट गळायला लागला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. त्यावर चाचणीचं एक छोटं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. अमावास्येला दाबा, लक्षात राहतं.

‘पण आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे,’ हे आमच्याकडचं रामबाण उत्तर. मुलुंडमध्ये ही ‘जाणारी’ इमारत दहा-दहा वर्षं जात असते. सभा होतात, बिल्डर बदलतात, कोर्टकज्जे होतात. तेवढ्या काळात टाइल्स मात्र बदलून होतात, बरं का! टाइल्सही तुटणारच आहेत ना बिल्डिंगबरोबर? बाथरूमसाठी ओढलेली तांब्याची एक स्वतंत्र तार त्या टाइल्सच्या मानानं फार स्वस्त पडते. पाहुण्यांना दाखवता येत नाही, एवढाच तिचा दोष.

माझी नणंद इंग्लंडमध्ये असते. तिच्याकडे शॉवरमध्येच पाणी तापतं, गीझर वेगळा नाही. तो शॉवर ९ हजार वॅटच्या आसपास वीज घेतो. पण त्याच्यासाठी मेन बोर्डापासून जाडजूड स्वतंत्र तार येते आणि बटण छताला दोरीनं टांगलेलं, ओला हात लागूच नये म्हणून. शॉवर बदलायचा तर आधी तार तपासायची, ही तिथे रीत आहे. आपण तो शॉवर बघून हरखतो, तारेचं कोणी विचारत नाही.

विजेची कटकट नको म्हणून गॅस गीझर लावणाऱ्यांनाही एक सांगते. बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. २०२३च्या धुळवडीच्या सुमारास आपल्या शेजारच्या घाटकोपरमध्ये एक जोडपं बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं, तेव्हा संशय गॅस गीझरवरच आला होता. तो लावायचाच असेल तर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत.

तेव्हा मैत्रिणींनो, गीझर घ्यायला दुकानात जाण्याआधी वायरमन घरी बोलवा, तोही परवाना असलेला. गीझरची तार थेट बोर्डापासून स्वतंत्र आहे का, तांब्याची आहे का, निदान अडीच चौरस मिलिमीटरची आहे का, लांब अंतर असेल तर चारची, हे त्याच्याकडून बघून घ्या. प्लग १६ अँपियरचाच हवा. वायरिंग लगेच बदलणं जमणारच नसेल तर निदान इन्स्टंटचा मोह सोडा. १५ लिटरचा, २ हजार वॅटचा गीझर पंधरा मिनिटांत पाणी तापवतो. त्या वेळात इस्त्री बंद ठेवा. नवा एसी वगैरे घेतला असेल तर बिलावरचा ‘मंजूर भार’ही वाचा. मुलुंडला वीज महावितरणची, पण मीटरनंतरची जबाबदारी आपली. अर्थिंगची पट्टी मीटरखोलीत, म्हणजे सोसायटीची. ती तपासायची मागणी एकटीनं केली तर कमिटी हसते, दहाजणींनी सह्या करून दिली तर सभेच्या विषयपत्रिकेवर येते, हा माझा अनुभव आहे.

त्या चपलेवाल्या बाईंच्या मालकाला आम्ही चौघींनी जाऊन सांगितलं. अर्थिंग सोसायटीनं करून घेतलं. आरसीसीबीचे पैसे कोणी द्यायचे यावर मालक अजून अडून बसले आहेत. संक्रांत जवळ आली आहे. यंदा हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटण्याऐवजी ते पैसे एकत्र करून त्यांच्या घरी तो बसवून द्यावा, असं मी मंडळात सुचवलं आहे. दोघींनी नाकं मुरडली. बाकीच्या हो म्हणाल्या आहेत.